विहिरीतला हिरा

येरमाळा हे धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील गाव. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले हे गाव येडेश्वरी देवीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. या भागातील जमीन काळ्या खडकाची. प्रस्तुत पाठात अशाच खडकातील एका विहिरीत सापडलेल्या चमकदार दगडाची हकिकत सांगितली आहे. तो दगड हिरा आहे की नाही, हे मुलांनी कसे ठरवले? हिरा आणि बराइट ही खनिजे कोठे सापडतात? खडकांतील मूलद्रव्यांवरून शास्त्रज्ञ त्यांचा माग कसा काढतात? या प्रश्नांची उत्तरे या पाठात आहेत.

फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. नववीच्या वर्गात मी हजेरी घेत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा चार दिवस शाळेत आला नव्हता. त्या दिवशी तो आला, पण त्याचे लक्ष वर्गात नव्हते. त्याचा एक हात सारखा खिशाकडे जात होता.

मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. इकडेतिकडे पाहत त्याने खिशातून रुमालाची गाठोडी काढली आणि हळूच सोडली. आत लिंबाएवढा एक पारदर्शक दगड होता. उन्हात धरताच त्यातून रंगीत किरणे फाकली.

"सर, हा आमच्या विहिरीत सापडला. हिरा आहे ना?" त्याने दबक्या आवाजात विचारले.

मी त्याला जवळ बसवून घेतले. मग त्याने सगळी हकिकत सांगितली. येरमाळ्याजवळच्या माळावर त्याचे अब्बा आणि चाचा मिळून विहीर खणत होते. चाळीस फुटांवर सुरुंग लावला, तेव्हा काळ्या खडकात एक पोकळी उघडी पडली. पोकळीच्या आतल्या बाजूला असे चमकदार दगड दाटीने बसले होते. हा त्यांतला सर्वांत मोठा.

"अब्बा म्हणतात, जमीन माझ्या वाटणीची, म्हणून हिरा माझा. चाचा म्हणतात, खोदाईचा निम्मा खर्च माझा, म्हणून निम्मा हिरा माझा. दोघांचं बोलणं बंद झालंय, सर. विहिरीचं कामही तीन आठवडे बंद आहे."

"आणि तू चार दिवस शाळेत का आला नाहीस?"

"एक पारखी आला होता. तो म्हणाला, हिरा शहरात पाठवून तपासून घेतो, पण आधी पाच हजार रुपये द्या. अब्बांनी दोन बकऱ्या बाजारात विकायला काढल्या आहेत. ताईच्या कॉलेजच्या फीसाठी पाळलेल्या त्या बकऱ्या. दादी रडत बसली आहे. मी त्या बकऱ्या राखत होतो."

मी दगड हातात घेतला. दगड सुंदर होता, यात शंका नव्हती. पण त्याच्यामुळे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि पावसाळ्यापूर्वी पुरी व्हायची विहीर अर्धवट पडली होती. हा दगड काय आहे हे मी तेव्हाच सांगू शकलो असतो. पण माझ्या शब्दावर त्याच्या अब्बांनी विश्वास का ठेवावा? पारखीही शब्दच देत होता. म्हणून मी म्हणालो, "उद्या आपण प्रयोगशाळेत या दगडालाच विचारू."

दुसऱ्या दिवशी सारा वर्ग प्रयोगशाळेत जमला. टेबलावर तीन दगड ठेवले होते. पहिला तो चमकदार दगड. दुसरा विहिरीतल्याच काळ्या खडकाचा तुकडा. तिसरा शाळेच्या कपाटातला एक पांढरट, मळकट दगड. त्याच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

एका मुलाने लगेच सुचवले, "सर, हिरा काच कापतो. काचेवर ओढून बघू."

आम्ही तसे केले. कर्र आवाज झाला आणि काचेवर स्पष्ट ओरखडा उठला. दगडाच्या मालकाचा चेहरा आनंदाने फुलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी कपाटातून एक साधी गारगोटी काढली. तिनेही काचेवर तसाच ओरखडा उठवला. टाळ्या थांबल्या.

मी म्हणालो, "मुलांनो, फ्रेडरिक मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची यादी तयार केली. हिरा दहाव्या पायरीवर, गारगोटी सातव्या आणि काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे काचेपेक्षा कठीण असलेला कोणताही दगड काच ओरखडतो. प्रत्येक हिरा काच कापतो, पण काच कापणारा प्रत्येक दगड हिरा नसतो. अशा अर्धवट परीक्षेवरच माणसे फसतात."

"मग खरी परीक्षा कोणती, सर?"

"पाण्याची," मी सांगितले. "सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी या विद्वानाने हीच परीक्षा वापरली होती. भारताविषयी ग्रंथ लिहिणारे अल-बिरूनी तुम्हांला इतिहासात भेटले आहेत. रत्नांवरही त्यांनी एक ग्रंथ लिहिला. दगड पाण्यात बुडवला की तो स्वतःच्या आकाराएवढे पाणी बाजूला सारतो. ते पाणी मोजून त्यांनी अनेक धातूंचा आणि रत्नांचा जडपणा ठरवला. रंग फसवतो, चमक फसवते. जडपणा मात्र सहसा फसवत नाही."

आम्ही चमकदार दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगला. हवेत त्याचे वजन १०६ ग्रॅम भरले. मग तो पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात पूर्ण बुडवला. काटा ६६ ग्रॅमवर आला. वजनात ४० ग्रॅमची घट झाली.

"आता हवेतील वजनाला घटीने भागा," मी सांगितले.

मुलांनी भागाकार केला. उत्तर आले २.६५.

फळ्यावर मी खनिजांची घनता लिहून ठेवली होती. स्फटिक २.६५, हिरा ३.५, बराइट ४.५. कोणालाच काही सांगावे लागले नाही. तो दगड हिरा असता, तर पाण्यात काटा ७६ च्या जवळ थांबला असता. मग आम्ही दगडाच्या कडा मोजल्या. त्याच्या बाजू सहा होत्या. स्फटिक असाच षटकोनी वाढतो. हिऱ्याचा मूळ खडा बहुधा आठ पृष्ठांचा असतो. विहिरीतला दगड स्फटिक होता. उर्दूत आपण त्याला बिल्लौर म्हणतो.

एक मुलगी म्हणाली, "सर, कोहिनूर किती जड आहे?"

"आज त्याचे वजन १०५.६ कॅरेट आहे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. करा हिशेब."

"फक्त एकवीस ग्रॅम!" ती आश्चर्याने म्हणाली. आमचा दगड १०६ ग्रॅमचा होता. तो हिरा असता, तर पाच कोहिनूरांएवढा ठरला असता. वर्गात हशा पिकला. दगडाचा मालकही थोडासा हसला.

मग मी काळ्या खडकाचा तुकडा टांगला. हवेत १४५ ग्रॅम, पाण्यात ९५. भागाकार २.९. शेवटी तो मळकट पांढरा दगड टांगला. आकाराने तो स्फटिकाएवढाच होता, पण हवेत त्याचे वजन १८० ग्रॅम भरले आणि पाण्यात १४०. भागाकार बरोबर ४.५ आला.

"हा तर सगळ्यांत जड!" मुले ओरडली.

"हा बराइट. ग्रीक भाषेत 'बारिस' म्हणजे जड. त्यावरून हे नाव पडले. ज्याच्याकडे तुम्ही पाहिलेही नाही, त्याची गोष्ट मी नंतर सांगणार आहे. आधी आपल्या काळ्या खडकाची गोष्ट ऐका."

आपल्या पायांखालचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो पाण्यासारखा पसरला व थंड झाला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. तेथे पोकळ्या राहिल्या. पुढे खडकांतून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतींवर ती कणाकणाने साचली. त्यातून स्फटिक वाढले. विहिरीतला खजिना असा तयार झाला.

हिऱ्याचा जन्म मात्र अशा पोकळीत होत नाही. तो जमिनीखाली सुमारे १५० ते २०० किलोमीटर खोलीवर होतो. तेथे दाब प्रचंड असतो. त्या दाबाखाली कार्बनचे अणू घट्ट जोडले जातात आणि हिरा बनतो. हिरा आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइट, दोन्ही कार्बनच. फरक फक्त जुळणीचा. खोलवर बनलेला हिरा वर येणार कसा? सावकाश वर आला, तर वाटेतच त्याचे ग्रॅफाइट होईल किंवा तो नष्ट होईल. त्याला वेगाने वर आणणारे वाहन लागते. ते वाहन म्हणजे किंबरलाइट नावाचा खडक. हा वितळलेला खडक खूप खोलातून निघतो, काही तासांत किंवा दिवसांत वर येतो आणि जमिनीत गाजराच्या आकाराची नळी करून थिजतो. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली गावावरून त्याला हे नाव मिळाले. आपला बेसाल्ट त्यामानाने कमी खोलीवर तयार झाला. जेथे हिरा जन्मतो, तेथपर्यंत तो पोहोचलाच नव्हता. मग तो हिरा आणणार कोठून?

"पण सर, दोन्ही खडक काळपटच. मग हा बेसाल्ट आणि तो किंबरलाइट, हे कसं ओळखायचं?" एकाने विचारले.

हा प्रश्न फार चांगला होता. याचे उत्तर देणाऱ्या शास्त्राला भूरसायनशास्त्र म्हणतात. 'भू' म्हणजे जमीन. जमिनीतील खडक, माती आणि पाणी यांत कोणती मूलद्रव्ये किती आहेत आणि ती तेथे कशी आली, याचा अभ्यास हे शास्त्र करते. खडकाची पूड करून प्रयोगशाळेत तपासली की तो आपली हकिकत सांगू लागतो. बेसाल्टमध्ये सुमारे निम्मा भाग सिलिका असते. किंबरलाइटमध्ये ती साधारण २५ ते ३५ टक्केच असते. मॅग्नेशियम ऑक्साइड बेसाल्टमध्ये सुमारे ६ टक्के, तर किंबरलाइटमध्ये त्याच्या चौपटीहून अधिक असू शकते. निकेल आणि क्रोमियम यांचे प्रमाणही किंबरलाइटमध्ये जास्त असते. आणखी एक साक्षीदार आहे. तो म्हणजे बेरियम. बेसाल्टच्या दहा लाख भागांत बेरियमचे भाग साधारणतः शे-दोनशे असतात. किंबरलाइटमध्ये ते हजारापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातात. टेबलावरच्या मळकट दगडात जे बेरियम आहे, तेच हे मूलद्रव्य.

हिऱ्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ सुरुवातीला हिरा शोधतच नाहीत. हिरे फार थोडे असतात. मध्य प्रदेशातील पन्नाजवळ मझगावची प्रसिद्ध खाण आहे. तेथील हिरे किंबरलाइटच्या जवळच्या जातीच्या खडकात आहेत. त्या शंभर टन खडकामागे सुमारे १० कॅरेट, म्हणजे फक्त २ ग्रॅम हिरे मिळतात. म्हणून शास्त्रज्ञ हिऱ्याचे सोबती शोधतात. किंबरलाइटमध्ये जांभळट लाल गार्नेट आणि हिरवेगार क्रोम डायॉप्साइड यांचे कण पुष्कळ असतात. पावसाने खडक झिजतो आणि हे कण ओढ्यानाल्यांतून वाहत जातात. ओढ्यातील वाळू गाळून हे कण मिळवतात, त्यांतील क्रोमियम व कॅल्शियम मोजतात आणि कण जास्त होत जातील त्या दिशेने चालत राहतात. ज्या गार्नेटमध्ये क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी, ते हिऱ्याच्या शेजारी वाढले असण्याचा संभव अधिक. दक्षिण आफ्रिकेचे जॉन गर्नी यांनी १९८४ साली ही खूण चांगल्या प्रकारे मांडली. कॅनडात चार्ल्स फिप्के आणि स्ट्यूअर्ट ब्लुसन यांनी बर्फाळ प्रदेशात अशा कणांचा माग वर्षानुवर्षे काढला. १९९१ साली त्यांना यश आले आणि १९९८ मध्ये तेथे एकाटी ही हिऱ्यांची खाण सुरू झाली. जेथे कोणी हिऱ्याचे नावही घेत नव्हते, तेथे मातीतल्या कणांनी वाट दाखवली.

"आपल्या महाराष्ट्रात हिरे नाहीत का, सर?" मागून प्रश्न आला.

"होते. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात वैरागड हे गाव आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबर बादशहाच्या काळात अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त केला आहे. तेथे आपला बेसाल्ट नाही. तेथील जमीन त्याहून कितीतरी जुन्या खडकांची आहे."

एके काळी जगाला हिरे पुरवणारा देश म्हणजे भारतच. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, तोपर्यंत ही स्थिती होती. गोवळकोंड्याचे हिरे असे आपण म्हणतो. पण गोवळकोंडा ही खाण नव्हती, ती बाजारपेठ होती. खाणी कृष्णा नदीच्या खोऱ्यात होत्या. त्यांतील कोल्लूरच्या खाणीत सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी गेला होता. तेथे स्त्री, पुरुष व मुले मिळून सुमारे साठ हजार माणसे काम करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आंध्र प्रदेशातील वज्रकरूर येथे किंबरलाइटच्या नळ्या आहेत. त्या सुमारे ११० कोटी वर्षे जुन्या आहेत. त्या भागात पहिला पाऊस पडला की आजही लोक शेतांत हिरे शोधायला जमतात. काहींना खडा मिळतो. पुष्कळ जण मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परततात.

आता त्या मळकट दगडाची पाळी आली. मी एका परीक्षानळीत बेरियम क्लोराइडचे स्वच्छ द्रावण घेतले. दुसऱ्या नळीत सोडियम सल्फेटचे स्वच्छ द्रावण होते. दोन्ही पाण्यासारखी दिसत होती. ती एकत्र करताच नळीत दुधासारखा पांढरा साका तयार झाला आणि तळाशी बसू लागला.

"हा साका म्हणजे बेरियम सल्फेट. हाच बराइट," मी सांगितले. "तुम्ही नळीत पाहिले, तेच निसर्गात घडते. बेरियम हे मूलद्रव्य अभ्रक आणि फेल्डस्पार यांसारख्या खनिजांत पोटॅशियमच्या जागी लपून बसलेले असते. गरम पाणी खडकांतून फिरते, तेव्हा ते बेरियम सोबत घेते. वाटेत किंवा समुद्राच्या तळाशी त्याला सल्फेट भेटले की दोघे घट्ट जुळतात आणि पुन्हा सहसा विरघळत नाहीत. असे थर साचत जातात."

बराइटचा जगातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक साठा भारतात आहे. तो आंध्र प्रदेशात, जुन्या कडप्पा जिल्ह्यातील मंगमपेट येथे आहे. तेथे सात कोटी टनांहून अधिक बराइट असल्याचे मोजले गेले. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातही बराइट आढळले आहे.

"पण सर, या दगडाचा उपयोग काय? चमक तर काहीच नाही."

"याचा जडपणा हाच याचा गुण. मुंबई हायचे नाव ऐकले आहे ना? १९७४ साली तेथे समुद्राखाली तेल सापडले. तेलाची विहीर खणताना खालून तेल आणि वायू जोराने उसळून वर येण्याचा धोका असतो. तसे झाले, तर आग लागते, माणसे मरतात. म्हणून छिद्रात जड चिखल सोडतात. त्या चिखलात बराइटची पूड घालतात. तिच्या वजनाने खालचा दाब रोखला जातो. जगातील बहुतेक बराइट याच कामाला लागते. दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी काही रोग्यांना एक पांढरे पेय देतात. तेही शुद्ध बेरियम सल्फेट. त्यातून क्ष-किरण पार होत नाहीत, म्हणून आतड्याचे चित्र स्पष्ट उमटते. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. पण हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, म्हणून अपाय करत नाही. रंग आणि रबर बनवतानाही बराइट वापरतात."

तास संपला. सर्व मुले गेली, पण तो मुलगा तसाच उभा राहिला. "सर, हे सगळं अब्बांना कसं सांगू? ते म्हणतील, तू लहान आहेस."

"सांगू नकोस. दाखव," मी म्हणालो.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर त्याचे अब्बा शाळेत आले. थोड्या वेळाने चाचाही आले. मुलाने दोघांना वेगवेगळा निरोप दिला होता. दोघे दोन टोकांना बसले. मी काहीच बोललो नाही. मुलानेच ताणकाटा टांगला, दगड पाण्यात बुडवला आणि चाचांना काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. अब्बांना भागाकार करायला दिला. मग त्याने काचेवर गारगोटी ओढून दाखवली.

बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी अब्बा म्हणाले, "म्हणजे मास्तरसाहेब, तो पारखी खोटं बोलला?"

"त्याच्या मनात काय होतं, ते मी कसं सांगू? पण ज्याला परीक्षा येते, तो आधी परीक्षा करतो आणि मग पैसे मागतो," मी म्हणालो.

"पण आणखी खोल गेलो तर? खाली असेल हिरा?" चाचांनी विचारले. आशा लवकर सुटत नाही.

मी त्यांना किल्लारीची आठवण करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपल्या भागात कोण विसरेल? त्यानंतर जमिनीखालचा खडक तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ एक खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटरपर्यंत आपल्यासारखाच काळा बेसाल्ट लागला. तो संपल्यावर खाली अतिप्राचीन खडक लागला.

"तुमची विहीर चाळीस फुटांवर आहे," मी म्हणालो. "बेसाल्टचा तळ त्याहून कितीतरी खोल. जगात किंबरलाइटच्या हजारो नळ्या सापडल्या आहेत, पण खाण चालवणे परवडेल इतके हिरे त्यांतल्या अगदी थोड्या नळ्यांत आहेत. त्यांचा शोध माती आणि खडक तपासून घेतात, बकऱ्या विकून नाही. या विहिरीत जे मिळण्यासारखे आहे, ते पाणी. पावसाळ्याला तीन महिने उरले आहेत."

अब्बा उठले. भावाकडे न पाहताच म्हणाले, "उद्या सकाळी सुरुंगवाल्याला निरोप देतोस की मी देऊ?"

"मीच देतो, भाई," चाचा म्हणाले.

मुलाने तो स्फटिक पुन्हा रुमालात बांधला नाही. त्याने तो टेबलावरच ठेवला. आज तो आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. शेजारी बराइटचा तुकडा आहे. खाली त्या मुलाच्या अक्षरातील चिठ्ठी आहे: 'स्फटिक. घनता २.६५. आमच्या विहिरीतून.' त्या बकऱ्यांपैकी एक जूनमध्ये विकली. ते पैसे ताईच्या फीसाठी गेले.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असे मराठीत म्हणतात. पण जो मोजून पाहतो, त्याला फसवणे सोपे नसते.

शब्दार्थ

गाठोडी – लहान गाठोडे, पोटली
दबका आवाज – हळू आवाज
पारखी – रत्ने, दागिने इत्यादींची परीक्षा करणारा, जौहरी
गारगोटी – पांढरा कठीण दगड
ताणकाटा – वजन मोजण्याचे स्प्रिंगचे साधन
चंचुपात्र – चोच असलेले काचेचे भांडे
घनता – ठराविक आकारमानात मावणारे वस्तुमान
स्फटिक – बिल्लौर
झिरपणे – हळूहळू पाझरणे
मूलद्रव्य – ज्याचे रासायनिक रीतीने आणखी साधे भाग पडत नाहीत असा पदार्थ, उन्सुर
साका – द्रावणातून वेगळा होऊन तळाशी बसणारा घन पदार्थ
माग काढणे – खुणांवरून शोध घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विहिरीत चमकदार दगड कोठे सापडला?
(आ) पारख्याने किती रुपये मागितले?
(इ) बराइट या नावाचा मूळ अर्थ काय?
(ई) महाराष्ट्रातील हिऱ्यांच्या कोणत्या खाणीचा उल्लेख 'आईन-ए-अकबरी'त आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) काचेवर ओरखडा उठला, तरी दगड हिरा आहे असे का म्हणता येत नाही?
(आ) बेसाल्ट खडकात हिरा का सापडत नाही?
(इ) शास्त्रज्ञ हिऱ्याचे 'सोबती' का शोधतात?
(ई) तेलाच्या विहिरीत बराइटचा उपयोग कसा होतो?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन्ही ........ ची रूपे आहेत.
(आ) एक कॅरेट म्हणजे ........ ग्रॅम.
(इ) बराइटचा मोठा साठा आंध्र प्रदेशातील ........ येथे आहे.

४. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "उद्या आपण प्रयोगशाळेत या दगडालाच विचारू."
(आ) "सांगू नकोस. दाखव."
(इ) "मीच देतो, भाई."

५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
चेहरा फुलणे, हशा पिकणे, माग काढणे, रिकाम्या हाताने परतणे

६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जड × ........ कठीण × ........ खोल × ........ सावकाश × ........

७. विचार करा व सांगा.
शिक्षकांनी दगड पाहताच तो हिरा नाही असे सांगितले असते, तर काय झाले असते? मुलाने अब्बा आणि चाचा या दोघांकडूनही प्रयोग का करून घेतला?

उपक्रम : तुमच्या परिसरातील तीन वेगवेगळे दगड आणा. ताणकाटा व पाणी वापरून त्यांची घनता काढा. प्रत्येक दगड कोठे सापडला, त्याचा रंग कोणता आणि घनता किती, हे मराठीत चिठ्ठीवर लिहून वर्गात मांडा.